एन्झाइमची पहिली बॅच लावण्याआधी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यांत दर जून-जुलैत नवी मंडळी येतात. कुणी विलिंग्डनमधून बीएस्सी करून आलेलं असतं, कुणी शिवाजी विद्यापीठातून ऑरगॅनिकमध्ये एमएस्सी, तर कुणी साताऱ्याहून रयतच्या कॉलेजातून. ग्रिन्यार्ड, फ्रीडेल-क्राफ्ट्स अशा रिॲक्शन तोंडपाठ असतात. पण एन्झाइम म्हटलं की चेहरा पडतो, कारण ते ‘बायोवाल्यांचं’. आणि नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एन्झाइमची ट्रायल गळ्यात पडते. मग पहिला प्रश्न ठरलेला: “सर, एन्झाइम किती घालायचं?”

हा प्रश्न पाचवा-सहावा आहे. त्याच्या आधीचे प्रश्न चहाच्या टपरीवर सांगून सांगून थकलो, म्हणून लिहून काढतोय. मी स्वतः ऑरगॅनिकवालाच आहे. जे शिकलो ते बॅचा बिघडवूनच शिकलो.

आधी स्वयंपाकघरात चला

जून मटण शिजत नसेल तर आपल्याकडं कच्च्या पपईचा कीस लावून ठेवतात. पपईतलं पपेन हे एन्झाइम मटणातली प्रथिनं तोडतं. आता ज्यांच्या हातचं मटण चांगलं होतं त्यांना विचारा. त्या सांगतील की पपई लावून तासभर तरी ठेवावं लागतं, भांडं उकळायला लागल्यावर पपई टाकून उपयोग नसतो, आणि लावून रात्रभर विसरलं तर सकाळी लगदा मिळतो. वेळ, तापमान आणि थांबवणं. आपल्या रिॲक्टरमधले तिन्ही प्रश्न याच पातेल्यात आहेत.

विरजणाचं उदाहरण मात्र थोडं वेगळं. तिथं अख्खे जिवंत जंतू काम करतात. औषधांच्या कारखान्यातही काही ठिकाणी अशा अख्ख्या पेशी वापरतात, पण इथं मी वेगळं काढलेल्या एन्झाइमबद्दल बोलतोय. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरनं यीस्ट दळून, गाळून दाखवलं की पेशी मेल्या तरी त्यांच्या रसानं साखर आंबते. त्याला १९०७ चं नोबेल मिळालं आणि आपल्या धंद्याला परवाना. एन्झाइम जिवंत नसतं. तो प्रथिनाचा एक रेणू आहे, विशिष्ट घडी घातलेला. घडी मोडली की काम बंद, आणि एकदा मोडलेली घडी रिॲक्टरमध्ये परत बसत नाही.

हे कुणी खरंच वापरतं का?

अमॉक्सिसिलिन तुम्ही खाल्लेलं असणारच. त्याचा गाभा म्हणजे ६-एपीए, आणि तो पेनिसिलिन-जी पासून बनतो. जुन्या रासायनिक पद्धतीत त्यासाठी फॉस्फरस पेंटाक्लोराइड, डायक्लोरोमिथेन आणि उणे ४० अंशांच्या आसपासचं तापमान लागायचं. आज पेनिसिलिन ॲसिलेज हे काम पाण्यात, ३० अंशांच्या आगेमागे, पीएच ८ च्या जवळ करतं. आपल्या चिलिंग प्लांटचं वीजबिल ज्यांनी बघितलंय त्यांना यातलं सुख कळेल.

दुसरं उदाहरण सिटाग्लिप्टिन. मधुमेहाची ही गोळी, २०२२ मध्ये भारतातलं पेटंट संपल्यावर स्वस्त झाली आणि बऱ्याच घरांत पोचली. मर्कच्या मूळ पद्धतीत ऱ्होडियमचा उत्प्रेरक आणि दाबाखालचा हायड्रोजन होता. मर्क आणि कोडेक्सिस यांनी २०१० मध्ये त्याच्या जागी ट्रान्सअमिनेज बसवलं. गंमत अशी की ज्या कीटोनपासून ही गोळी बनते त्याला निसर्गातलं मूळ एन्झाइम हातही लावत नव्हतं. त्यात २७ बदल करत करत ते तयार केलं. लिटरला २०० ग्रॅम कीटोन, निम्मं डीएमएसओ हे सॉल्व्हंट, आणि तरी ईई, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी हव्या त्या रूपाची शुद्धता, ९९.९५ टक्क्यांच्या वर. एन्झाइमला सॉल्व्हंट चालत नाही, ते फार नाजूक असतं, असं कुणी ठामपणे सांगायला लागलं की मी हे उदाहरण काढतो. असं बदल करत, निवड करत पुढं जाण्याच्या तंत्रासाठी फ्रान्सिस अर्नोल्डला २०१८ चं नोबेल मिळालं.

पहिलं काम: रिॲक्शन कुठल्या जातीची ते ओळखा

सुरुवातीला चार घराणी ओळखली तरी पुरे. लायपेज एस्टर तोडतं किंवा जोडतं. कीटोरिडक्टेज, म्हणजे आपलं ‘केरेड’, कीटोनचं कायरल, म्हणजे डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं असू शकणारं, अल्कोहोल करतं. ट्रान्सअमिनेज कीटोनचं कायरल अमाइन करतं. ॲसिलेज अमाइड तोडतं.

लायपेजनं रेसेमिक, म्हणजे दोन्ही हात निम्मे-निम्मे असलेल्या, मिश्रणातला एकच हात उचलला तर यिल्ड ५० टक्क्यांवर अडकतं. उरलेल्या निम्म्याचं काय करणार हे आधी ठरवा. फायझरच्या प्रीगॅबालिनमध्ये लायपेजच वापरतात, पण नको असलेला हात परत रेसेमाइज करून पुन्हा चार्ज होतो, म्हणून ते परवडतं. केरेड आणि ट्रान्सअमिनेजला ही अडचण नाही. सपाट कीटोनपासून थेट हवा तो हात मिळतो, हिशेबानं १०० टक्क्यांपर्यंत. नवख्या माणसानं पहिली ट्रायल केरेडची घ्यावी असं माझं मत. पुढचं सगळं उदाहरण त्याचंच आहे.

दुसरं काम: पाटी-पेन्सिल

फ्लास्क धुण्याआधी हे करा. हा भाग सगळ्यात जास्त टाळला जातो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, म्हणून इथं जरा थांबतो.

केरेडला हायड्रोजन देणारा लागतो, एनएडीपीएच. तो महाग. म्हणून तो चिमूटभर घालायचा आणि वापरलेला परत परत भरून घ्यायचा. भरायचं काम दुसरं एन्झाइम करतं, ग्लुकोज डिहायड्रोजनेज. ते ग्लुकोजमधून हायड्रोजन काढतं, ग्लुकोजचं शेवटी ग्लुकॉनिक ॲसिड होतं, आणि ही वाट उलटी फिरत नाही. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला यातला विनोद कळावा: औषध बनवतोय आणि पोत्यानं साखर घालतोय.

समजा कीटोनचा रेणूभार २००. १,००० लिटरच्या बॅचला १०० किलो कीटोन, म्हणजे ५०० मोल. ग्लुकोज १.१ पट धरलं तर ५५० मोल, ९९ किलो. जेवढे मोल कीटोन बदलेल तेवढे मोल ॲसिड तयार होईल, आणि ते उदासीन करायला तेवढंच कॉस्टिक (सोडा) लागेल: ५०० मोल, २० किलो. हे ४ नॉर्मलचं, म्हणजे लिटरला ४ मोलचं, द्रावण करून घातलं तर १२५ लिटर. २ नॉर्मल केलं तर २५० लिटर. म्हणजे १,००० लिटरची बॅच १,२५० वर जाणार. रिॲक्टरला तेवढी जागा आहे का? एकदा एका ट्रायलमध्ये हे कुणीच बघितलं नव्हतं, आणि रात्री अडीचला मॅनहोलपाशी फेस आला होता.

आता यातली खरी कमाई. कॉस्टिक किती गेलं यावरून रिॲक्शन कुठवर आली ते कळतं, क्यूसीच्या (तपासणी विभागाच्या) रिपोर्टची वाट न बघता. ४ नॉर्मलचं ६२ लिटर गेलं म्हणजे साधारण निम्मं झालं. दर तासाला आकडा लिहा आणि कागदावर आलेख काढा. आलेख सपाट झाला की दोनच अर्थ: काम संपलं, किंवा एन्झाइम मेलं. १२५ च्या आसपास सपाट झाला तर शाब्बास. ७० ला झाला तर पुढं वाचा.

ग्लुकोजऐवजी आयसोप्रोपॅनॉल वापरायचीही पद्धत आहे. तेव्हा बऱ्याचदा तेच एक केरेड दोन्ही कामं करतं आणि कॉस्टिक लागत नाही. पण त्यात ॲसिटोन तयार होतो आणि तो साठला की रिॲक्शन मध्येच रेंगाळते. हलका व्हॅक्यूम किंवा नायट्रोजन देऊन तो काढत राहावं लागतं. आपल्याकडं व्हॅक्यूम लाइनची अवस्था काय आहे ते बघून ठरवा.

तिसरं काम: छोट्या बाटल्या, पण खोट्या बाटल्याही

एन्झाइम पुरवणारे किट देतात, प्रत्येक बाटलीत वेगळं केरेड. लिटरला ५ ते १० ग्रॅम कीटोन, पीएच ७, ३० अंश, रात्रभर हलवत ठेवायचं. सकाळी एचपीएलसी यंत्रावर कन्व्हर्जन, म्हणजे किती बदललं ते, आणि कायरल कॉलमवर ईई. इथपर्यंत सगळेच करतात.

सोबत तीन खोट्या बाटल्या लावा. एकीत एन्झाइम नाही, एकीत उकळून मारलेलं एन्झाइम, एकीत कोफॅक्टर, म्हणजे तो एनएडीपीएच, नाही. काही कीटोन, विशेषतः बीटा-कीटो एस्टर, नुसत्या पाण्यात पडूनही बिघडतात. खोटी बाटली नसेल तर तो बिघाड तुम्ही एन्झाइमच्या नावावर टाकाल आणि महिनाभर चुकीच्या दिशेला जाल.

डीएमएसओची सवय लावून घेऊ नका. किटमध्ये १० टक्के घातलं की सगळं छान विरघळतं, मन खूष होतं. प्लांटमध्ये तेच डीएमएसओ पाण्यातून काढताना नाकी नऊ येतात. कीटोन पूर्ण विरघळलाच पाहिजे असं नाही. चांगला बारीक असेल आणि हलवणं नीट असेल तर चिखलासारखी स्लरीसुद्धा चालते. थोडं विरघळतं, तेवढं बदलतं, मग अजून विरघळतं.

चौथं: पीएच, तापमान, आणि संयम

ऑरगॅनिकवाल्याचा हात रिॲक्शन हळू वाटली की गरम करण्याकडे जातो. एन्झाइमचाही वेग वाढतो, पण आयुष्य कमी होतं. ४५ अंशांवर पहिल्या दोन तासांत झकास धावणारं एन्झाइम सहाव्या तासाला संपलेलं असू शकतं, आणि ३० अंशांवरचं २० तास चालत राहतं. म्हणून वेग मोजताना सोबत टिकाऊपणाही मोजा. बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, नुसतं एन्झाइम, ठरलेल्या तापमानावर, ठरलेल्या सॉल्व्हंटसोबत २४ तास ठेवा आणि मग त्याची ताकद तपासा. ही एक टेस्ट पुढच्या दहा ट्रायली वाचवते.

पीएच ७ च्या आसपास ठेवण्यामागं नुसती एन्झाइमची आवड नाही. एनएडीपीएच आम्लात टिकत नाही, आणि त्याचं वापरलेलं रूप एनएडीपी क्षारात टिकत नाही. दोघांनाही सांभाळायचं म्हणजे मधली वाट.

पाण्याबद्दल. आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड आहे ते किटलीच्या तळाला बघा. फॉस्फेट बफर त्या पाण्यात केला तर कॅल्शियम खाली बसतं. डीएम वॉटरच, म्हणजे क्षार काढलेलं पाणीच, घ्या. उलट बाजूनं, काही केरेडना मॅग्नेशियम लागतंच. तिथं कुणी ‘धातू नकोत’ म्हणून धातू पकडून ठेवणारं ईडीटीए टाकलं तर एन्झाइमच्या तोंडचा घास काढल्यासारखं होतं. पुरवठादाराच्या कागदावर हे लिहिलेलं असतं. तो कागद कुणी वाचत नाही.

आता तो प्रश्न: किती घालायचं?

किलोवर जाऊ नका, युनिटवर जा. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल बदलण्याची ताकद. दोन लॉटमध्ये वजन तेच आणि ताकद वेगळी असते. माल आला की आधी ताकद तपासा, मग फ्रीजमध्ये लॉट नंबरसकट ठेवा. एप्रिल-मेमध्ये सांगली ४० अंशांच्या वर जाते आणि कुरिअरचं खोकं शनिवारी दुपारी आलं तर सोमवारपर्यंत गेटवरच पडून राहू शकतं. पुरवठादाराला सांगा की शुक्रवार-शनिवारी पोचेल असं पाठवू नका. खोकं उघडताना जेल पॅक गार आहे की गरम तेही लिहून ठेवा.

ढोबळमानानं, कीटोनच्या वजनाच्या १ ते ५ टक्के एन्झाइम आणि २४ तासांच्या आत काम, इथं पोचलात तर प्लांटला नेण्याची बोलणी करता येतात. पैशाचा हिशेब असा: समजा एन्झाइम ३०,००० रुपये किलो. २ टक्के लागलं तर किलो कीटोनमागं ६०० रुपये. आता समजा तेच काम करणारं, दाण्यांवर बसवलेलं एन्झाइम १ लाख रुपये किलो आणि बॅचला १० किलो लागतं. आकडा ऐकून पर्चेसवाले उडतील. पण ते गाळून ५० वेळा वापरता आलं तर १०० किलोच्या बॅचला २०,००० रुपये, म्हणजे किलोमागं २००. ५० वेळा खरंच टिकतं का ते तुम्हीच दाखवायचंय, ब्रोशरनं नव्हे.

नाक सांभाळा

एन्झाइम विषारी नसतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण त्याची पूड श्वासातून गेली तर ॲलर्जी बसते, आणि एकदा बसली की आयुष्यभर राहते. ब्रिटनमध्ये एन्झाइमवाली धुण्याची पावडर बनवणाऱ्या कामगारांना दमा झाल्याचं १९६९ मध्ये समोर आलं. पूड हुडमध्येच तोलायची, मास्क चांगल्या प्रतीचा, सांडलं तर ओल्या फडक्यानं पुसायचं, झाडू लावायचा नाही. जमेल तिथं पुडीऐवजी द्रव रूपच मागवा. विरघळवताना हळूहळू ढवळा. फेस म्हणजे हवा आणि पाण्याची प्रचंड मोठी सीमा, आणि त्या सीमेवर प्रथिनाची घडी सुटते.

प्लांटमध्ये: कॉस्टिक कुठं पडतंय?

आता ती मध्येच सपाट झालेली बॅच. माझ्या आधीच्या एका नोकरीतली आहे, कंपनीचं नाव घेत नाही. प्रयोगशाळेत दहा वेळा ९९ टक्के आलेली रिॲक्शन प्लांटमध्ये निम्म्याच्या जरा पुढं जाऊन थांबली. पीएच मीटर ७.० दाखवत होता, एकदम स्थिर. आम्ही अजून एन्झाइम घातलं. दोन तास चाललं, परत थांबलं. सॅम्पल काढलं तर त्यात नासलेल्या दुधासारखे पुंजके.

शेवटी शिफ्टमधल्या एका जुन्या ऑपरेटर मामांनी टॉर्च घेऊन साइट ग्लासमधून आत बघितलं आणि म्हणाले, “सायेब, कॉस्टिक भिंतीवरनं वघळतंय.” वरच्या नोझलमधून ८ नॉर्मलची धार भिंतीला लागून उतरत होती, तिथं हलवणं जवळजवळ नव्हतं. त्या कोपऱ्यात पीएच १२ च्या पुढं असणार. मीटर होता दुसऱ्या बाजूला, त्याला सगळं आलबेल दिसत होतं. एन्झाइम त्या कोपऱ्यातून फिरत जाईल तसं थोडं थोडं मरत होतं. आणि आम्ही वरून नवीन घालत होतो, तेही मारायलाच.

त्यानंतर कॉस्टिक २ ते ४ नॉर्मलचंच. पाइप खाली, ढवळणीच्या पात्याजवळ सोडलेला. धार कायम बारीक. मीटरवर तेलकट कीटोनचा थर बसतो, म्हणून दर दोन तासांनी सॅम्पल काढून टेबलावरच्या मीटरला ताडून बघायचं. आणि लाइट गेली तर सगळ्यात आधी हातानं कॉस्टिकचा व्हॉल्व्ह बंद. ढवळणी थांबलेली असताना सायफन होऊन कॉस्टिक आत गेलं तर लाइट येईपर्यंत बॅच संपलेली असते.

काम झालं, आता वेगळं कसं करणार?

माझं मत विचाराल तर ट्रायलची आखणी इथूनच सुरू करावी. फ्लास्कमध्ये इथिल ॲसिटेट घालून हलवलं की दोन थर सुटतात. रिॲक्टरमध्ये प्रथिनं दोन थरांच्या मध्ये जाऊन बसतात आणि साबणाच्या फेसासारखा रॅग लेयर तयार होतो. तो ना वर जातो ना खाली. एका शिफ्टनं दुसऱ्या शिफ्टला सोपवावा असा तो वारसा.

उपाय आहेत. प्रॉडक्टला चालत असेल तर रिॲक्शन संपल्यावर ६०-७० अंशांवर तासभर गरम करा, प्रथिनं गोळा होतात. किंवा पीएच खाली आणा. मग हायफ्लो या गाळायच्या पावडरच्या थरावर गाळून घ्या आणि त्यानंतरच सॉल्व्हंट घाला. इथिल ॲसिटेट, टोल्युइन आणि एमटीबीई तिन्ही करून बघा, थर सुटायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा. आणि हे सगळं खऱ्या एन्झाइमच्या खऱ्या प्रमाणात करा. एन्झाइम न घालता केलेली थर सुटण्याची टेस्ट म्हणजे पाणी नसताना शिकलेलं पोहणं.

क्यूए (गुणवत्तेची हमी देणारा विभाग) वेगळेच प्रश्न विचारेल: शेवटच्या मालात प्रथिन उरलंय का, एन्झाइम कुठल्या जंतूपासून आलं, प्राण्यांपासूनचं काही त्यात आहे का, टीएसई-बीएसई (मॅड काऊसारखे रोग) नसल्याचं पत्र कुठंय. पुढं दोन-तीन क्रिस्टलायझेशन असतील तर प्रथिन सहसा निघून जातं, पण ते आकड्यानं दाखवावं लागतं. पत्रं मात्र पहिल्या ऑर्डरबरोबरच मागून ठेवा. नंतर मागितली की महिना जातो.

आणि ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट

एन्झाइमची प्रक्रिया ‘हिरवी’ असं सगळीकडं छापलेलं असतं. ऱ्होडियम गेलं, डायक्लोरोमिथेन गेलं, हे खरंच. पण आपल्या उदाहरणातलं ५०० मोल ग्लुकॉनेट पाण्यातच राहिलंय. ते जाळायला लागणारा ऑक्सिजन हिशेबानं ८८ किलो येतो. एका बॅचमागं ८८ किलो सीओडी, हजार-बाराशे लिटर पाण्यात. ईटीपीतल्या जंतूंना ते खाद्य म्हणून आवडतं, पण एकदम पडलं तर त्यांचाच श्वास कोंडतो. कृष्णेत मेलेल्या माशांच्या बातम्या आपण इथं वाचलेल्या आहेत, त्यामुळं यावर जास्त सांगत नाही.

बॅच लावण्याच्या आदल्या दिवशी ईटीपीवर जा. तिथल्या मामांना सांगा की उद्या रात्री साधारण बाराशे लिटर गोड पाणी येणार आहे, पीएच ७, सीओडी एवढा. ते विचारतील, एकदम सोडणार की टाकीत धरून थोडं थोडं? टाकी रिकामी आहे का ते त्यांनाच विचारा, आणि नसेल तर बॅच एक दिवस पुढं ढकला.